टोमॅटोचे पान आधी उलटून पाहा, मग पंप भरा

(टोमॅटो उत्पादक शेतकऱ्यांच्या प्रशिक्षण शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज माझ्यासमोर बसलेल्यांपैकी बरेचजण टोमॅटोचे जुने, जाणते बागायतदार आहेत. लागवड कशी करावी, तार-बांबू कसा उभारावा, खताचा डोस कधी द्यावा, हे मी तुम्हाला सांगायचे म्हणजे पुजाऱ्याला आरती शिकवण्यासारखे होईल. म्हणून आज मी एकाच विषयावर बोलणार आहे. पानावर ठिपका दिसला, तर तो कशाचा आहे हे कसे ओळखायचे आणि ओळखल्यानंतर काय करायचे, एवढाच आजचा विषय.

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक शेतकऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो. खिशातून प्लॅस्टिकची पिशवी निघते, तिच्यात घामेजून काळी पडलेली दोन पाने असतात, आणि प्रश्न येतो, "सर, ठिपके आलेत, काय मारू?" खरे तर या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न यायला हवा, "सर, हे काय आहे?" हा पहिला प्रश्न आपण गाळतो आणि तिथेच पैसा वाया जायला सुरुवात होते. बुरशीला कीटकनाशक मारले जाते, जिवाणूला बुरशीनाशक मारले जाते, आणि विषाणूला तर हाताला लागेल ते सगळे मारले जाते.

ही चूक फक्त शेतकरीच करतात असे नाही. माझ्या हातून झालेली एक चूक आधी सांगतो, कारण आजच्या विषयाचे मूळ तिच्यातच आहे.

माझी चूक

काही वर्षांपूर्वीच्या खरिपातली गोष्ट. एका ओळखीच्या काकांनी मोबाईलवर पानाचा फोटो पाठवला. पानावर काळपट तपकिरी ठिपके होते, भोवती पिवळेपणा होता. मी फोटो पाहिला आणि उत्तर दिले, "लवकर येणारा करपा आहे, बुरशीनाशक घ्या." काकांनी चांगले, महागडे बुरशीनाशक आणले आणि आठ दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या केल्या. ठिपके कमी होईनात, उलट वाढतच गेले. शेवटी मी स्वतः प्लॉटवर गेलो. पान उलटून पाहिले तर खालच्या बाजूला बारीक, तेलकट, पाणी मुरल्यासारखे ठिपके होते, आणि हिरव्या फळांवर खरखरीत खपल्या धरल्या होत्या. तो बुरशीचा करपा नव्हताच, जिवाणूजन्य ठिपक्यांचा रोग होता.

चुकीच्या औषधाचे पैसे गेले, पण त्याहून मोठे नुकसान दुसरेच झाले. जिवाणूचा रोग ओल्या पानांमधून हाताने पसरतो. मी "करपा" म्हटल्यामुळे काकांची मजूर मंडळी त्या पंधरा दिवसांत रिमझिम पावसात, ओल्या झाडांमध्ये सुतळीची बांधणी करत राहिली. एका सरीतला रोग हातांनी सगळ्या प्लॉटभर गेला. काका मला एवढेच म्हणाले, "सर, औषधाच्या पैशाचं काही नाही, पण ते पंधरा दिवस परत येणार नाहीत."

त्या दिवसापासून मी पानाच्या वरच्या बाजूचा एकच फोटो पाहून औषध सांगणे बंद केले. तुम्हीही तसे औषध कोणाकडून घेऊ नका, आणि यात मीही आलो.

आधी प्लॉट पाहा, मग झाड, मग पान

ठिपका ओळखायचा तर सुरुवात पानापासून करू नये, प्लॉटपासून करावी. सकाळी लवकर, पण दव उतरल्यावर, प्लॉटमध्ये नागमोडी फेरी मारावी. एकरी वीस ते पंचवीस झाडे पाहावीत. प्रत्येक झाडाचे एक खालचे, एक मधले आणि एक शेंड्याकडचे पान दोन्ही बाजूंनी पाहावे. दहापट मोठे दाखवणारे भिंग खिशात ठेवावे. ते एका फवारणीच्या खर्चापेक्षा स्वस्त मिळते आणि अनेक वर्षे टिकते.

फेरी मारताना स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, प्लॉटमध्ये कुठे आहे? मधेच एखाद्या जागी गोलाकार पट्टा असेल, किंवा पाणी साचणाऱ्या सखल भागात लक्षणे असतील, तर रोगाची शंका घ्यावी. बांधाकडच्या दोन-चार सरींतच लक्षणे असतील तर बाहेरून आलेली कीड, रस्त्याची धूळ किंवा शेजारच्या शेतातून उडालेले तणनाशक यांचा विचार करावा. सगळ्या प्लॉटवर एकाच दिवशी, एकसारखी लक्षणे दिसली तर रोगाआधी आपलीच मागची फवारणी आठवावी. रोग एका रात्रीत सगळ्या झाडांवर सारखा येत नाही. औषधाचा चट्टा मात्र येतो.

दुसरा प्रश्न, झाडावर कुठे आहे? खालच्या जुन्या पानांवर आहे की शेंड्याच्या कोवळ्या पानांवर? या एकाच प्रश्नाने निम्मे निदान होते.

तिसरा प्रश्न, काल-परवा हवामान कसे होते? पाऊस, धुके, ढगाळ हवा, कोरडी गरमी, यांपैकी काय होते? रोग आणि कीड दोन्ही हवामान पाहूनच येतात.

तणनाशकाचे उदाहरण मुद्दाम सांगतो. उसाच्या किंवा गव्हाच्या शेतात रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डी फवारतात. टोमॅटो या औषधाला फार नाजूक आहे. वाऱ्याने थोडी वाफ आली किंवा तोच पंप न धुता वापरला, तरी टोमॅटोची पाने दोरीसारखी अरुंद होतात, शेंडे पिळवटतात, देठ खाली वाकतात. शेतकरी त्याला व्हायरस समजून पांढऱ्या माशीचे औषध मारतो. तणनाशकाचा पंप नेहमी वेगळा ठेवावा.

चार प्रकारचे ठिपके

आता पान हातात घेऊ. टोमॅटोवर आपल्याकडे प्रामुख्याने चार प्रकारचे ठिपके येतात.

१. लवकर येणारा करपा. हा अल्टरनेरिया बुरशीमुळे होतो. सुरुवात बहुतेक वेळा खालच्या, जुन्या पानांपासून होते. ठिपका तपकिरी ते काळा असतो, आणि त्यात एकात एक वर्तुळे दिसतात, जशी झाडाच्या कापलेल्या खोडावर दिसतात. भोवती पिवळी कडा असते. ठिपके एकमेकांत मिसळून पान करपते आणि गळते. फळावर देठाकडच्या बाजूने काळा, खोलगट डाग पडतो, त्यातही वर्तुळे असतात. उबदार हवा आणि अधूनमधून ओलावा याला मानवतो. फळे लागून झाडावर भार आला आणि खत कमी पडले की हा रोग जोर करतो.

२. सेप्टोरिया ठिपके. हेही खालच्या पानांपासूनच सुरू होतात, म्हणून पहिल्या करप्याशी गल्लत होते. पण हे ठिपके लहान, दोन-तीन मिलिमीटरचे, गोल आणि संख्येने पुष्कळ असतात. मध्यभाग राखाडी, कडा गडद तपकिरी. भिंगातून पाहिले तर राखाडी भागात टाचणीच्या टोकाएवढे काळे दाणे दिसतात. वर्तुळे नसतात. फळावर हा रोग सहसा येत नाही. दोन्ही रोगांचे नियंत्रण बरेचसे सारखेच असल्याने इथे गल्लत झाली तरी फारसे बिघडत नाही.

३. उशिरा येणारा करपा. नाव 'उशिरा' असले तरी टोमॅटोवरील सर्वांत वेगवान रोग हाच आहे. फायटोप्थोरा हे त्याचे कारण. थंड आणि ओलसर हवा, साधारण पंधरा ते बावीस अंश तापमान, सकाळचे धुके, सतत ढगाळ वातावरण असले की हा रोग येतो. पानावर मोठे, वेडेवाकडे, पाण्यात भिजल्यासारखे हिरवट काळे चट्टे पडतात. वर्तुळे नसतात. खोडावर आणि देठावर तपकिरी काळे पट्टे येतात, हिरव्या फळावर कडक, तपकिरी, तेलकट डाग पडतो. पहाटे पान उलटले तर चट्ट्याच्या कडेला पांढरी, बारीक बुरशी दिसते. हवा अनुकूल असेल तर आठवडाभरात उभा प्लॉट जळाल्यासारखा होतो.

शंका असेल तर घरी एक सोपी परीक्षा करता येते. संशयित पान ओल्या कागदासोबत डब्यात किंवा पिशवीत रात्रभर थंड जागी ठेवावे. सकाळी चट्ट्याच्या कडेला खालून पांढरी लव दिसली तर उशिरा येणारा करपा समजावा. मात्र भुरी रोगातही टोमॅटोच्या पानाखाली पांढरेपणा दिसू शकतो. फरक असा की भुरी कोरड्या हवेतही येते, आणि पानाच्या वरच्या बाजूला काळा चट्टा न दिसता पिवळा डाग दिसतो.

४. जिवाणूजन्य ठिपके. माझी फजिती करणारा रोग हाच. कारण झँथोमोनास जिवाणू. ठिपके लहान, गडद, थोडे कोनाकृती असतात. सुरुवातीला पानाच्या खालून तेलकट, ओले दिसतात. वर्तुळे नाहीत, राखाडी मध्य नाही, काळे दाणे नाहीत, पांढरी बुरशीही नाही. हिरव्या फळावर उंचवटा असलेल्या खरखरीत खपल्या येतात, ही याची मोठी खूण. उबदार हवेत, वादळी पावसानंतर हा वाढतो. बियाण्यातून येतो आणि पाण्याचे शिंतोडे, हात, कात्री यांनी पसरतो.

कीड जी रोगासारखी दिसते

सगळेच डाग रोगाचे नसतात. काही डाग किडीचे असतात, आणि तिथे बुरशीनाशकाचा काहीही उपयोग होत नाही.

पान उजेडाकडे धरा. आत पांढरी, नागमोडी, अरुंद रेघ दिसली तर ती नागअळी. एखाद्या खालच्या पानावर नागअळी दिसली म्हणून घाबरून फवारणी करू नये. झाड तेवढे सोसते, आणि नागअळीला मारणारे परजीवी कीटक आपल्या शेतातच असतात. बेसुमार फवारणीने आधी तेच मरतात, आणि मग नागअळी खरोखरच वाढते.

पण उजेडाकडे धरल्यावर रेघेऐवजी रुंद, पारदर्शक फोड दिसला, आत काळी विष्ठा आणि गडद डोक्याची हिरवट अळी हलताना दिसली, तर ती टूटा, म्हणजे टोमॅटोची पाने आणि फळे पोखरणारी अळी. ही कीड मूळची दक्षिण अमेरिकेची. भारतात ती प्रथम २०१४ साली आपल्या पुणे परिसरातच आढळली. ती फक्त पानात थांबत नाही, शेंडा पोखरते आणि फळात देठाजवळून बारीक भोक पाडून शिरते. त्यामुळे नागअळी आणि टूटा यांतला फरक ओळखणे महत्त्वाचे आहे. पहिलीसाठी बहुधा थांबता येते, दुसरीसाठी थांबून चालत नाही.

फळाला मोठे, गोल भोक असेल आणि अळी अर्धी आत, अर्धी बाहेर असेल तर ती घाटे अळी, जिला आपण टोमॅटोवर फळ पोखरणारी अळी म्हणतो.

पानाच्या वरच्या बाजूला रवा शिंपडल्यासारखे पिवळट पांढरे बारीक टिपके दिसले, पान खालून धुळकट आणि बारीक जाळीदार दिसले, तर ते कोळी. कागद झाडाखाली धरून फांदी झटकावी. कागदावर पडलेले बारीक ठिपके चालू लागले तर शंका मिटली. उन्हाळ्यात, कोरड्या हवेत, धुळीच्या रस्त्याकडेला ते जास्त येतात. कोळी हा कीटक नाही, त्यामुळे अनेक कीटकनाशके त्याच्यावर चालत नाहीत. उलट काही कीटकनाशकांनी त्याचे शत्रू मरून तो वाढतो.

जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर ती बहुधा मॅग्नेशियमची कमतरता असते. फळाच्या खालच्या टोकाला काळा, कोरडा, चपटा डाग असेल, तर तो कॅल्शियमचा आणि अनियमित पाण्याचा दोष असतो. या दोन्हीला बुरशीनाशक नको, पाणी आणि खताची घडी बसवायला हवी.

विषाणू: इथे औषध नाही

आता सर्वांत अवघड भाग. शेंड्याची पाने लहान, जाड, वर वळलेली, झाड खुजे आणि झुडपासारखे, ही पर्णगुच्छ रोगाची लक्षणे. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. दुसरा विषाणू फुलकिडे पसरवतात. त्यात शेंड्याच्या कोवळ्या पानांवर तांबूस तपकिरी बारीक ठिपके येतात, पान काशाच्या भांड्यासारखे झळकते, मग शेंडा करपून मरतो, आणि फळांवर गोल कड्या उमटतात. अनेकजण याला करपा समजतात. म्हणून पुन्हा तोच प्रश्न विचारा, ठिपके खाली आहेत की शेंड्याला? लवकर येणारा करपा बहुतेक खालून वर चढतो. हा विषाणू शेंड्यापासून झाड मारतो.

२०२० च्या उन्हाळी हंगामात पुणे, अहमदनगर आणि नाशिक भागात टोमॅटोची फळे सारखा रंग न धरता डागाळून खराब होऊ लागली, हे तुमच्यापैकी अनेकांच्या लक्षात असेल. बंगळूरच्या भारतीय बागवानी अनुसंधान संस्थेत केलेल्या तपासणीत त्यात प्रामुख्याने काकडीवरील मोझॅक विषाणू आढळला. हा विषाणू मावा पसरवतो. त्या वेळी असे टोमॅटो खाल्ल्याने माणसाला रोग होतो अशी अफवा उठली. वनस्पतीचे हे विषाणू माणसाला होत नाहीत. पण अफवेचा भुर्दंड शेतकऱ्यालाच पडला. चुकीचे निदान फक्त प्लॉटमध्येच नव्हे तर बाजारातही महाग पडते, ते असे.

विषाणू झाडात शिरल्यावर त्याला बाहेर काढणारे औषध अजून कोणत्याही दुकानात नाही. कोणी बाटली दाखवून "व्हायरसवर रामबाण" म्हणाले तर पैसे खिशात ठेवा. लागवडीनंतर पहिल्या महिन्यात दिसलेले रोगट झाड उपटून, पिशवीत घालून, प्लॉटबाहेर नेऊन नष्ट करावे. ते एक झाड वाचवण्याच्या मोहात शंभर झाडे जातात.

मग उपाय काय?

निदान झाले की उपाय निवडणे सोपे जाते. प्रथम असे उपाय सांगतो ज्यांना पंप लागत नाही.

• रोपे चाळीस ते साठ मेशच्या कीडरोधक जाळीखाली वाढवावीत. विषाणूची लढाई रोपवाटिकेतच अर्धी जिंकली जाते.
• टोमॅटोनंतर टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटा घेऊ नये. मधे मका, ज्वारी, कांदा किंवा कडधान्य घ्यावे.
• प्लॉटच्या कडेने मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन ओळी आधी पेराव्यात. पांढरी माशी आणि मावा अडतो.
• टोमॅटोच्या दर सोळा ओळींनंतर झेंडूची एक ओळ लावावी. झेंडूचे रोप टोमॅटोच्या रोपापेक्षा साधारण वीस दिवस आधीचे असावे, म्हणजे फुले वेळेवर येतात आणि फळ पोखरणारी अळी तिकडे अंडी घालते. झेंडूवरील अळ्या मात्र वेचाव्यात, नाहीतर आपणच त्यांचे खाद्य पिकवतो.
• झाडाला बांधणी करून जमिनीपासून वीतभर ते फूटभर उंचीपर्यंतची जुनी पाने काढावीत. मातीचे शिंतोडे आणि ओलावा कमी झाला की करपा निम्मा कमी होतो. पाणी ठिबकने, सकाळी द्यावे.
• पाने ओली असताना बांधणी, खुडणी किंवा तोडणी करू नये. रोगट सरीतले काम दिवसाच्या शेवटी ठेवावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत.
• काढलेली रोगट पाने आणि किडकी फळे बांधावर टाकू नयेत. खड्ड्यात पुरावीत.
• घरचे बियाणे वापरत असाल तर ते पन्नास अंश सेल्सिअसच्या पाण्यात पंचवीस मिनिटे ठेवून सावलीत वाळवावे. तापमान मोजूनच करावे, अंदाजाने करू नये. कंपनीचे प्रक्रिया केलेले बियाणे पुन्हा भिजवू नये.

आता औषधे. मी थोडीच नावे सांगतो. प्रत्येक वेळी डब्यावरचे लेबल वाचावे, त्यावर टोमॅटो हे पीक आणि आपला रोग किंवा कीड लिहिलेली आहे का ते पाहावे.

पावसाळी किंवा धुक्याच्या हवेत, रोग येण्याआधी किंवा पहिला ठिपका दिसताच मँकोझेब ७५ टक्के भुकटी २५ ग्रॅम प्रति १० लिटर पाणी या प्रमाणात फवारावी. लवकर येणारा करपा वाढत असेल तर अ‍ॅझोक्सीस्ट्रोबीन २३ टक्के १० मिलि प्रति १० लिटर घ्यावे. उशिरा येणाऱ्या करप्याची लक्षणे दिसली तर एक दिवसही वाया न घालवता सायमोक्झॅनिल अधिक मँकोझेब हे संयुक्त बुरशीनाशक २० ग्रॅम प्रति १० लिटर फवारावे. जिवाणूजन्य ठिपक्यांसाठी कॉपर ऑक्सिक्लोराईड ५० टक्के २५ ग्रॅम प्रति १० लिटर घ्यावे. ते रोग बरा करत नाही, पसरणे रोखते, म्हणून लवकर घ्यावे लागते. माणसांच्या आजारांवरची प्रतिजैविके पिकावर मारण्याचा मोह टाळावा. त्याने जिवाणू निर्ढावतात.

अळ्यांसाठी कामगंध सापळे लावावेत. फळ पोखरणाऱ्या अळीचे एकरी पाच पुरेसे असतात. टूटासाठी वेगळी कामगंध गोळी लागते, एकाच गोळीत दोन्ही पतंग येत नाहीत. सापळ्यात पतंग दिसू लागले की पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी पाच किलो निंबोळी भुकटी रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, एकूण शंभर लिटर द्रावण करावे. फळ पोखरणाऱ्या अळ्या लहान असतानाच एचएएनपीव्ही एकरी १०० एलई संध्याकाळी फवारावे. उन्हात त्याचा प्रभाव जातो, आणि टूटावर ते चालत नाही. अळी वाढली असेल तर क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ टक्के ३ मिलि प्रति १० लिटर घ्यावे. कोळ्यांसाठी पाण्यात मिसळणारे गंधक लेबलप्रमाणे घ्यावे, पण कडक उन्हात फवारू नये, पाने करपतात.

फवारणीचे चार नियम

पहिला नियम, तीन-चार औषधांचे मिश्रण एकाच पंपात करू नये. काय लागू पडले आणि कशाने पान करपले, हे नंतर कोणालाच कळत नाही.

दुसरा नियम, एकच औषध किंवा एकाच गटातले औषध लागोपाठ वापरू नये. नाव वेगळे असले तरी आतला घटक तोच असू शकतो. म्हणून व्यापारी नावाखाली बारीक अक्षरात लिहिलेला घटक वाचावा.

तिसरा नियम, पाण्यात कंजूषी नको. पूर्ण वाढलेल्या प्लॉटला एकरी सुमारे दोनशे लिटर पाणी लागते, म्हणजे पंधरा लिटरचे साधारण तेरा पंप. रोग पानाच्या खालून सुरू होतो, म्हणून नोझल खालून वर धरावा. तोंडाला मास्क, हातात मोजे, अंगभर कपडे हवेत, आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चालू नये. डब्यावर लाल किंवा पिवळा त्रिकोण असेल तर जास्त काळजी घ्यावी.

चौथा नियम, फवारणी आणि तोडणी यांतील अंतर पाळावे. लेबलवर ते दिवस लिहिलेले असतात. टोमॅटोचा तोडा तीन-चार दिवसांनी येतो, त्यामुळे तोडे सुरू झाल्यावर कमी दिवसांचे औषध निवडावे, आणि आधी तोडणी, मग फवारणी असा क्रम ठेवावा. नारायणगावच्या किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात गेलेला क्रेट शेवटी कोणाच्या तरी ताटात जातो. ते ताट आपल्याच घरातल्या लेकरांचे आहे असे समजून हा नियम पाळावा.

नमुना कसा आणावा

शेवटी एक विनंती. आमच्याकडे किंवा कृषी विज्ञान केंद्रात नमुना आणायचा असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन पाने कोंबून आणू नका. ती वाटेतच कुजतात आणि खरा रोग दिसत नाही. मुळासकट एक रोगट झाड, एक निरोगी झाड आणि दोन-तीन फळे वर्तमानपत्रात गुंडाळून आणा. सोबत एका चिठ्ठीवर लागवडीची तारीख, लक्षणे प्रथम दिसल्याची तारीख, प्लॉटमध्ये कुठे दिसली ती जागा, मागील पंधरा दिवसांतील हवामान आणि केलेल्या फवारण्या लिहा. फोटो पाठवायचा असेल तर चार पाठवा: पूर्ण प्लॉट, पूर्ण झाड, पानाची वरची बाजू आणि पानाची खालची बाजू.

झाड खोडासह एकदम कोमेजले असेल तर खोडाचा खालचा तुकडा कापून ग्लासभर स्वच्छ पाण्यात उभा धरा. थोड्या वेळात दुधासारखा धागा खाली उतरला तर ती जिवाणूची मर समजा. त्यासाठी आमच्यापर्यंत येण्याचीही गरज नाही.

सुरुवातीला ज्या काकांबद्दल बोललो, ते पुढच्या खरिपात पुन्हा आले. या वेळी त्यांच्या हातात वर्तमानपत्राची गुंडाळी होती. ती उघडून त्यांनी स्वतःच पान उलटले आणि म्हणाले, "सर, खाली तेलकट आहे, वर्तुळं नाहीत. बांधणी आजपासून थांबवली आहे. आता औषध तेवढं सांगा." ठिपके दोन सरींतच होते. रोग तिथेच अडवता आला आणि त्यांचे तोडे वाचले.

त्या वर्षी निदान मी केले नव्हते, काकांनी केले होते. तुमचा प्लॉट तुम्ही रोज पाहता, आम्ही महिन्यातून एखाद्या वेळी पाहतो. म्हणून पहिले निदान तुमच्याच डोळ्यांनी व्हायला हवे. थांबायचे कुठे आणि घाई करायची कुठे, हे ते उलटलेले पानच सांगते.

 आता आपण सगळे शेजारच्या प्लॉटमध्ये जाऊ या आणि प्रत्यक्ष पाने पाहू या.